रात्रीची कवळी

वैशाखातल्या दुपारी, बेळगावच्या दातांच्या दवाखान्यात कल्याणी दुखरी दाढ धरून बसली होती. शेजारी येळ्ळूरचे एक म्हातारे आणि उचगावच्या एक आजी नंबराची वाट बघत बोलत होते.

“हिरडी कशानं सुजली, आप्पा?”

“कवळी काढतच न्हाय, आक्का.”

“रात्री काढून पाण्यात ठेवायची असती की! डॉक्टरनी सांगितलं न्हाय?”

“सांगितलं. पर पोरगा कॅनडात. त्याचा फोन रात्रीच येतोय. कवळीबिगर माझं बोलणं त्याला कळत न्हाय.”

“फोन वाजला की लावायची!”

“हुडकंस्तवर बंद पडला तर?”

कल्याणीचं दाढेकडं लक्षच राहिलं नाही.

“फोन रोज येतोय व्हय, आप्पा?”

“दिवाळीत आलता.”



“मग दुपारची तरी काढत जावा, आप्पा.”