सरपंचाचा दाखला

खोटं कायले बोलू बाप्पा, गणपतच्या गोल शिक्क्यापायी माहा जीव जळे. ढोरं आम्ही संगंच चारली, पण तो रामाकोन्याचा सरपंच होऊन गावाले रहिवासाचे दाखले देऊन राहिला होता, अन् मी अंगठ्यावरच राहिलो. एकदा विहिरीच्या मोटरीसाठी त्यालेच दाखला लागला. त्यानं सोताच लिहून सोताच शिक्का मारला.

सौसरच्या तहसिलीतला बाबू म्हणे, "सरपंचजी, सोताची ओळख सोताच देता? गावचा माणूस आणा. आज आखरी तारीख आहे."

गणपत धापा टाकत आला अन् मले सायकलवर बसवून तहसिलीत घेऊन गेला.

बाबूनं मले विचारलं, "यायले ओळखता का?"

मी चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा लावला.

"थांबा साहेब," म्हटलं, "नीट पाहू द्या."