इंजनाच्या तोंडातलं फडकं

लिहा ताई, माह्यं नाव यमुना. माहेर गिरडच्या खालच्या टोल्यावरचं, म्हंजे पाड्यावरचं, दर्ग्याची टेकडी आमच्या अंगनातून दिसे. आम्ही गोंड. बाबा एका मालकाच्या संत्र्याच्या बगिच्यात डिझेल इंजनावर होते, हिरीतलं पानी खेचाचं इंजन, ढक ढक ढक करे तर बंद्या शिवारात ऐकू ये. शाळा काय, चौथी. पन इंजन मी बाबाच्या बाजूले बसून शिकली, कोन्या नटाले कोनता पाना लागते ते मले रोटी कराच्या आधी येत होतं. बाबा आमच्याशी मराठी बोले, इंजनाशी गोंडीतच बोले. मालक हासे. हास म्हना मालका, तुह्या बगिच्याले पानी कोन पाजून राह्यलं ते इंजनाले इचार.

बाबाचा एक नेम होता, तो सांगतो, कारन बंदा झगडा त्याच्यापासूनच हाय. दसऱ्याले इंजनाचं तेल बदलवाचं. घरात पांढरी तामचिनीची थाळी होती, तिच्यात जुनं तेल काढे आन उन्हात धरून पाहे. पांढऱ्यावर काळं लपत नाई. बोटावर घेऊन चोळे, कन लागते का, पानी लागते का. मंग त्यातलं थोडं एका काचेच्या शिशीत भरे, शिशीवर चुन्यानं वर्षाची खून करे आन फळीवर ठेवे. मागच्या वर्षीची शिशी बाजूले, त्याच्या मागच्या वर्षीची तिच्या बाजूले. इंजनाची तब्येत त्या फळीवर दिसे. मंग रिकाम्या इंजनाची पूजा, हळद-कुंकू, फूल, आन मंगच नवं तेल. पन पूजा कराच्या आधी तेलाच्या तोंडात फडकं कोंबे, घट्ट. म्हने, देव बाहेरून पुजाचा, आत कुंकवाचा कन गेला तर देव पन बसते आन इंजन पन बसते.

लगन होऊन इकडं धरनावर आली, ती पांढरी थाळी संगं घेऊन. आमच्या घरचे, म्हंजे नवरा, मासोळ्या धरत. मंग पिपरी मेघेचा एक ठेकेदार आला, त्यानं धरनावर बोटिंग आनलं, लाल-पिवळी बोट, मागं टांगलेलं इंजन, नारंगी जाकिटं. आमच्या घरच्यांले पान्याची वळख, तर त्यांले चालक केलं. चार-पाच वर्सं चालवली त्यांनी. मंग नजर जात गेली, आता तर मानूस आवाजावरून वळखतात. मंग मी बसली इंजनापाशी. ठेकेदार म्हने बाई चालवन काय? मी म्हनलं, तेल कोन बदलवते तुह्या इंजनाचं इतक्या वर्सापासून? आमच्या घरचे पाना धरत होते फक्त. तो म्हने, बस मंग. कारन पह्यले वर्ध्याहून मिस्त्री बलावला की तो दोन दिवसांनी ये आन मोटरसायकलचं तेल टाकून जाये. मोटरसायकलचं! पान्यातल्या इंजनाचं तेल येगळं राह्यते, डब्यावर लिहिलं असते, पन वाचते कोन!

काय सांगू तुम्हाले ताई, तेल बदलवनं काई मोठी इद्या नाई. इंजन दहा मिंट चालवाचं, म्हंजे तेल गरम होऊन पातळ होते. बंद कराचं. वरचं टोपन काढाचं, तेल टाकाचं झाकन खोलाचं म्हंजे हवा लागून तेल भरभर उतरते. खालचा बूच खोलाचा, थाळी लावाची. थेंब थांबेपरेंत बसाचं, घाई कराची नाई. पान्यात एक थेंब पडू द्याचा नाई, ह्याच धरनाचं पानी आम्ही पेतो. मंग फिल्टर नवा, बुचाखालची चकती नवी, आन नवं तेल मोजाच्या दांडीवरच्या खुनेपरेंत, खुनेच्या वर नाई. बस. हे माह्या आंगठाछाप बाबानं केलं, मी चौथीवर करतो. पन बाई करते म्हनलं की लोकांच्या पोटात दुखते!

मागच्या दसऱ्याची गोठ. सकाळी मी तेल उतरवलं, थाळीत पाह्यलं, चांगलं काळं, साफ, शिशी भरली, माह्या घरच्या फळीवर बी बाबासारखी दर दसऱ्याची शिशी हाय. फिल्टर नवा लावला, खालचा बूच बसवला, तोंडात फडकं कोंबलं. नवं तेल उन्हात ठेवलं होतं शेडपाशी, ते आनाले गेली. दहा मिंट नाई झाले. आली तर काय, ठेकेदार पाव्हने घेऊन आलता, झगमग कपडे, हातात मोबाइल. इंजन लोट्याच्या पान्यानं धुतलेलं, वरून कुंकू, हार, आन नारळ फोडलेला इंजनावरच, डोक्यावर! नारळाचं पानी चहूकडून ओघळून राह्यलेलं. आन तेलाचं तोंड उघडं. फडकं बोटीत खाली पडलेलं. म्या म्हनलं फडकं कोनं काढलं. ठेकेदार हासत म्हनते, बाई, ते मळकं फडकं फोटोत घान दिसे, म्हून काढलं. घ्या, परसाद घ्या.

माह्या डोक्यात अशी आग गेली ना! म्या परसाद घेतला नाई. म्हनलं, आत पानी गेलं हाय, इंजन चालू कराचं नाई. साधं तेल टाकाचं, घडीभर हातानं फिरवाचं, सारं उतरवाचं, असं दोनदा, मंग नवं तेल. तर म्हने, पाव्हने उभे हायेत, पूजा झाल्यावर मशीन थांबवत नसतात, अपशकुन होते. अपशकुन! अरे आतमंदी नारळाचं पानी घालून तू शकुन पाह्यतं? तर माह्या हातचा डबा घेतला, सोता तेल ओतलं, खुनेच्या वर, आन गेला धरनात पाव्हन्यांले घेऊन. आमच्या घरचे काठावर उभे होते, दिसत नाई पन कान हायेत. म्हनले, यमुने, आवाज जड हाय.

दुसऱ्या दिवशी म्या म्हनलं तेल उतरवतो. ठेकेदार म्हने, कालच टाकलं ना, तेल काय तू पेतं काय? मी बोटीवर बसली नाई. तीन दिवस बसली नाई. त्यानं निरोप धाडला, बसाचं नसन तर घरीच राहाजो, दुसरा मानूस हाय. आन मंग मी बसली, ताई. इथंच मले माह्यावर राग येते. त्याच्यावर येते त्याच्याहून जादा येते. मले मालूम होतं, आवाज आयकू येत होता, आन तरी मी बसली. काऊन बसली? तर ती बोट दुसऱ्याच्या हातात जाईन म्हून. म्या तिले आपली समजली होती.

आठवडा झाला. आयतवारी वर्ध्याचं एक कुटुंब आलं, दोघं नवरा-बायको, एक म्हातारी, एक तान्हं लेकरू. धरनाच्या मधात गेलो आन इंजनानं एक घरघर केली आन गच्च बसलं. दोरी खेचली, हालत नाई. वारा सुटला होता. बोट धरनाच्या भिंतीकडं वाहाले लागली, तिकडं दगड हायेत पान्याखाली. लेकरू रडे, त्याची माय रडे, म्हातारी माह्या हाताले धरून म्हने, बाई आमाले काठावर ने. तिचा हात अजून हितं मनगटावर हाय असं वाटते. एकच वल्हं होतं, दुसरं ठेकेदारानं आनतो आनतो म्हनून आनलंच नोतं. एका वल्ह्यानं, एकदा ह्या बाजूनं एकदा त्या बाजूनं, म्या ती बोट काठाले आनली. तळहाताची साल निंघाली. म्हातारी उतरली आन माह्या पाया पडली. मले लाजच वाटली. तिनं माह्या मुस्काटात मारली पाह्यजे होती.

ठेकेदार काठावर उभाच होता. पन्नास लोकं जमा झाले होते, आन तो बंद्यांसमोर म्हनते, बाईच्या हातात इंजन दिलं, सोता तेल बदलवाचा शौक हाय तिले, म्हून हे झालं, माफ करा. माफ करा! मी तशीच फिरली. घरी गेली, पांढरी थाळी आनली, फळीवरच्या शिशा पदरात भरून आनल्या. तिथंच लोकांसमोर खालचा बूच खोलला. जे निंघालं ना ताई, ते तेल नोतंच. दुधाचा चहा जसा, तसं पानी मिसळून बदामी, घट्ट, चिकट. आन शेवटी बुचाच्या भोकात काईतरी अडकलं, मी काडीनं ओढलं, तर नारळाची शेंडी. दोन धागे. थाळीत ठेवले. बाजूले शिशा मांडल्या, खुना दिसतीन अशा, बंद्या काळ्या. म्हनलं, हे माह्यं तेल बदलवनं, आन हे तुह्यं. पाहा आता कोनाच्या हातचं खराब हाय ते. वर्ध्याच्या त्या मानसानं वाकून पाह्यलं आन ठेकेदाराकडं पाह्यलं. ठेकेदार म्हने, ठीक हाय ठीक हाय, गर्दी करू नोका. माफी मांगली? माह्यी? नाव नोको! मले ते लागलं, अजून लागते.

इंजन नागपूरले गेलं, दुरुस्त होऊन आलं. आन संगं एक पाटी आली, चालकाने इंजिन उघडू नये. बोट बांधाच्या खांबावर ठोकली, माह्या डोक्याच्या बरोबर वर. कंपनीचा मिस्त्री येईन म्हने दर दोन-तीन महिन्याले तेल पाहाले. एकदा आला. दुसऱ्यांदा नाई आला. तिसऱ्यांदा ठेकेदाराचाच फोन आला, बाई, तेवढं तेल पाहून घेजा. म्या म्हनलं पाटी काढा मंग. तर म्हने राहू द्या, लोकांले बरं वाटते. पाटी अजून हाय. तिच्याखाली बसून मी इंजन खोलतो.

ह्या वर्षी दसऱ्याले म्या तेल उतरवलं, फडकं कोंबलं. डबा अगोदरच बोटीत आनून ठेवलता, इंजन सोडून कुठंच गेली नाई. आमच्या घरचे थाळीतलं तेल बोटावर चोळून पाहून राह्यले होते, म्हनले साफ हाय. तेवढ्यात आला ठेकेदार, पाव्हने, मोबाइल, नारळ, बंदं तसंच. मी फडक्यावर तळहात ठेवला, दाबून. तो म्हने, बाई हात काढा, फोटोत येते. म्या म्हनलं येऊ द्या. म्हने, इंजनावर फोडाचा हाय नारळ. म्या म्हनलं, हा हात हितून हालत नाई, फोडाचा असन तर ह्या हातावर फोडा.

त्यानं माह्या हाताकडं पाह्यलं, नारळाकडं पाह्यलं. पाव्हने मोबाइल धरून उभे.  मंग उतरला खाली, आन काठाच्या दगडावर फोडला नारळ. तुकडा घेऊन सोता बोटीत आला, आन दिला मले. माह्या तळहातावर तेलाचा गोल डाग उमटला होता, त्याच हातावर घेतला परसाद. गोड होता, खोटं काऊन सांगू. राग गेला नाई, पन परसाद गोड होता.

आता तुमचं लिहून झालं असन तर चला, वारा पडला हाय, एक चक्कर मारून आनतो. वल्हे आता दोन हायेत. जाकीट नीट बांधजा, आन भ्या नोका, ताई. तेल माह्या हातचं हाय.