पाहुण्यांच्या स्लाइडा

अरे, आमच्या परभणीच्या कॉलेजात मोठ्या शहरातून एक प्राध्यापक आलते भाषणाला. म्हणले, "मोबाईलवर सगळे एकदम व्हिडिओ मागतात, मग टॉवरचे सिग्नल एकमेकांना आडवे येतात. लोक मागतात तेच ते. म्हणून आधीच जवळ साठवून ठेवा!"

अन् यांच्या स्वतःच्या स्लाइडा मात्र नेटवर! दोन दिसल्या, तिसरीला चकरी फिरतेय ती फिरतेयच.

लॅबचे गंगाधरमामा उठले. "सर, मागल्या साली दुसरे साहेब ह्याच विषयावर बोलून गेले. त्यांची फाईल कॉम्प्युटरात हाय. लावू?"

"नको नको, माझं संशोधन वेगळंय!"

मामांनी तवर लावलीबी. पहिल्या दोन स्लाइडा हुबेहूब त्याच.

मामा म्हणले, "घ्या सर, तिसरीपासून चालू करा. नाव तेवढं त्यांचं हाय."