पार्किंगमध्ये अडकलेली मतं

केतकी कशी जिंकली ते मला विचारा, मी होते ना तिथे! अबू धाबीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीआधी आमच्या पॅनेलचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचा होता. एका कुटुंबाला एक मत. साठेकाकांचं नाव पक्कंच समजा, कारण झाडून सगळ्या नवऱ्यांनी त्यांना फोनवर शब्द दिलेला. आम्हा बायकांना फोन करावा असं काही त्यांना वाटलं नाही. केतकी मात्र प्रत्येकीच्या घरी येऊन चहा पिऊन गेली होती.

सव्वीस वर्षांची, इथेच वाढलेली पोरगी. सभेत उभी राहून सरळ म्हणाली, "गणपतीचं स्टेज बांधायला मुसफ्फाच्या लेबर कॅम्पमधली आपली एकटी राहणारी मुलं चालतात, मग मेंबर म्हणून का नाही? फॉर्मवरची फॅमिलीची अट काढायची."

काका हसले. "बेटा, पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला." मग घड्याळ बघून म्हणाले, "यल्ला, चला, सहा वाजले. हात वर करा."

"शुअर अंकल," केतकी म्हणाली. "टाइम इज टाइम."

काकांनी घड्याळ बघितलं, हॉल बघितलाच नाही. हॉलमध्ये जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. नवरे नेहमीसारखे आम्हाला दारात उतरवून पार्किंग शोधत फिरत होते.

काकांना तीन मतं, केतकीला एकोणीस.

दहा मिनिटांनी आमचे हे घामाघूम होऊन आत आले. "सुरू झालं का? मला साठेंना मत द्यायचंय."

"खलास," मी म्हटलं. "तुमचं मत देऊन झालं. केतकीला."