गव्हातला चाकवत

(वैरागजवळचं एक खेडं. दिवेलागणीची वेळ. बजाबाईचं दार.)

बजाबाई : दिल्याली पेंडी परत मागता व्हय, वैनी? गव्हात खुरपायला येनारीनं तणातली भाजी घरी न्यायची, ही रीत हाय. सासूबाईंनी धाडलं का तुमाला?

महादेवी : त्यांना ठाऊकही नाही. पेंडी कुठंय ते सांगा.

बजाबाई : गेल्या सालीबी त्यांनी आसंच केलं. समदं तण बांधावर टाका म्हनाल्या. म्या काय गहू उपटला? चाकवतच की.

महादेवी : तुमचीच आहे हो ती. निवडली का?

बजाबाई : तुमी आपल्या हातानं बांधून दिली, तिला काय निवडायचं? शिकल्याली सून पात धरून खुरपती, त्याचंच लई कवतिक. तशीच चिरली.

महादेवी : तशीच?

बजाबाई : डाळ घालून चुलीवर हाय. बसा की जरा.

महादेवी : उतरवा. आधी ती उतरवा.

बजाबाई : आवो, हात भाजंल.

महादेवी : मी खुरपत होते त्या बांधाकडच्या पातीत धोतऱ्याची रोपं होती, कोवळी. मला चाकवतच वाटली. घरी बाळाला उचलायला गेले तर हाताला तो उग्र वास. धुतला तरी जाईना.

बजाबाई : धोतरा. आन् कालिजात काय शिकीवलं वो तुमाला?

महादेवी : फुलावरून ओळखायला. फूल कुठं आलं होतं अजून... कुणी खाल्ली का, बजाबाई?

बजाबाई : कुनी न्हाई. मुक्ते, हिकडं ये गं. मगाशी पळी कशाला चाटलीस?

मुक्ता : तूच म्हनलीस की आज्जी, मीठ बघ म्हनून.

बजाबाई : म्याच म्हनले. माज्या तोंडाला चव न्हाई.

महादेवी : किती खाल्लंस गं?

मुक्ता : इवलंसं.

महादेवी : घसा कोरडा पडतोय? दिवा आणा जवळ. धोतऱ्यानं डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात.

मुक्ता : उजेड टोचतोय.

बजाबाई : दिवा जवळ हाय म्हनून. व्हय ना, वैनी?

महादेवी : अजून सांगता येत नाही. आमच्या कुंडलिक गड्याला गाडी जुंपून ठेवायला सांगितलंय. जरा वेगळं दिसलं की थेट बार्शीचा दवाखाना.

बजाबाई : आन् न्हाई दिसलं तर?

महादेवी : तर बघत बसायचं.

बजाबाई : तुमचं लेकरू आंगावर पितंय. भुकेनं रडत आसंल. जावा तुमी.

महादेवी : रडू दे. मुक्ता, खाली नको बघूस. माझ्याकडं बघ.