रापणीचा वाटा

इंदूरच्या पलासिया भागातल्या दातांच्या दवाखान्यात एक मावशी आणि तिचा भाचा नंबराची वाट पाहत होते. भाच्याच्या मांडीवर लॅपटॉप होता, त्यावर एका किनाऱ्याचा सॅटेलाइट फोटो.

“मुकुल, हा तर माझ्या माहेरचा किनारा!”

“हो मावशी, याचाच प्लॅन बनवतोय आमचं ऑफिस. हा पट्टा खाली आहे, इथे रिसॉर्ट येणार.”

“खाली? रिकामा कसला! अरे, इथे रापण ओढायचो आम्ही. समुद्रात लांबलचक जाळं, आणि दोन्ही दोऱ्यांना सारा गाव.”

“सॅटेलाइटमध्ये तर नुसती वाळू आहे.”

“जाळं गुंडाळल्यावर वाळूच दिसणार ना, बावळटा! मी परकर खोचून दोरी धरायचे. दोरीला हात लावला की वाटा मिळायचा, पाहुण्यालासुद्धा. ओच्यात बांगडे घेऊन घरी पळायचे मी.”

“मतलब, लोकांना विचारलंय आम्ही. वेबसाइटवर टाकलं, एकही हरकत आली नाही.”

“वाळूवर जाऊन कोणी विचारलं?”

“इंदूरहून कोण जाणार, मावशी?”

“मुदत कधीपर्यंत आहे?”

“आज शामपर्यंत.”

“मग पहिली हरकत माझी लिही.”

“पण तू कुठे तिथे राहतेस?”

“दोरी ओढलीय मी. वाटा आहे माझा.”

“मावशी, तुझा नंबर आला.”

“दुखू दे दात. आधी लिही.”