तांडेलणीच्या वाटणीचं फळ

नको रे बाबा, मला नको. सरकव ती पेटी तिकडे. खा, तुम्ही खा. दिगंबराचा जावई एवढ्या लांबून हौसेनं घेऊन आलाय, त्याचा मान राखा. काय नाव म्हणालास याचं? मँगोस्टीन? असेल बाबा. आम्ही बोटीवरचं फळ म्हणायचो.

आणि कोण रे तो म्हणाला, आपल्या तांडेलवाडीत पण हेच झाड आहे, उद्या जाऊन काढून आणू म्हणून? प्रसाद, तूच ना? बस खाली. बस म्हणतो ना! वीज काही इतक्यात येत नाही. कंदील जरा बारीक कर आणि ऐका. मध्ये तोंड घालायचं नाही. ही गोष्ट मी तुमच्या आजीलासुद्धा सांगितली नव्हती. गेली बिचारी न ऐकताच.

पंचावन्न वर्षं झाली. मी तेव्हा बावीस-तेवीसचा, खाडीवर तर चालवायचो, म्हणजे माणसं पार करायची होडी. पलीकडची माणसं अलीकडे, अलीकडची पलीकडे. तुमच्यासारखाच शहाणा होतो! माझी धाकटी बहीण द्वारकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. पण ऐका, तिच्या पोटात अन्न टिकेना. पेज दिली, उलटी. सोलकढी दिली, उलटी. गाल बसले पोरीचे, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. सुईण म्हणाली, हिला काहीतरी खावंसं वाटायला हवं, नाहीतर बाळंतपण झेपायचं नाही हिला.

आईनं विचारलं, "काय खावंसं वाटतं गो, सांग तरी." तर ही माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "दादा म्हणायचा ते बोटीवरचं फळ."

झालं! मी नजर चुकवली. का, तर लहानपणी मी हिला थापा मारायचो. मी तांडेलवाडीत जाऊन ते फळ खाल्लंय म्हणायचो. ती विचारायची, कसं लागतं रे? मी म्हणायचो, खडीसाखरेसारखं. कधी म्हणायचो, खरवसासारखं. खाल्लं होतं कुणी? मी झाडाच्या सावलीलासुद्धा उभा राहिलो नव्हतो! आणि ती थाप पोरीनं दहा वर्षं मनात जपून ठेवलेली. बघा, नशीब.

आता ते झाड कुणाचं, ते ऐका. तांडेलवाडीत एक तांडेल होता, मोठ्या बोटीवर जायचा, पार सिंगापूरपर्यंत. घरी आला की बायकोला तिकडच्या फळाचं वर्णन करून सांगायचा. बायकोला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते नेमके त्याच फळाचे! तांडेल म्हणाला, या खेपेला आणतो. त्यानं आणलं बरं का. फळं वाटेत नासतात म्हणून रोप आणलं, तेही नारळाच्या करवंटीत जपून. पण घरी आला तेव्हा तांडेलीण जाऊन आठ दिवस झाले होते. बाळंतपणातच गेली. मूल पोटात घेऊनच गेली.

त्यानं ते रोप मागल्या दारी लावलं. झाडाला फळ धरायला बारा-पंधरा वर्षं लागली. पुढे तो गेला, वाडी उठली, घरं पडली. झाड राहिलं. आणि गावात रीत पडली. त्या झाडाचं फळ काढायचं असेल तर पहिलं फळ तिचं. ते फोडून, पानावर ठेवून, "बाई, तुझं तुला" म्हणायचं आणि मागे न बघता निघायचं. घरी डोहाळकरीण असेल तर तिच्यासाठी आणलेलंही वाटेत कुणी उष्टं करायचं नाही. एवढंच. अवघड आहे काही? दोन गोष्टी. लहान पोराला कळतील.

आई म्हणाली, "लवू, उद्या उजाडल्यावर जा." पण उजाडल्यावर होडी कोण चालवणार? मी म्हटलं, हा गेलो आणि हा आलो. शेवटची खेप सोडली, कंदील घेतला आणि निघालो. दिवेलागण होऊन गेली होती. पाणंदीत काळोख मिट्ट.

झाडापाशी पोचलो. हंगाम सरलेला. कंदील वर करून बघतो, तर सगळ्या झाडावर दोन फळं! फक्त दोन. म्हटलं, वा! एक तिचं, एक द्वारकीचं. हिशेब चोख. चढलो, काढली, उतरलो. एक सदऱ्याच्या खिशात टाकलं. दुसरं दोन्ही तळव्यांत धरून दाबलं, तर टचकन साल फुटली. आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या, लसणासारख्या. सहा. आणि वास काय सांगू तुम्हाला!

मी ते पानावर ठेवलं. ठेवलं हो, शपथेवर सांगतो. तोंड उघडलं "बाई, तुझं तुला" म्हणायला, आणि मनात आलं, उद्या द्वारकी विचारील, दादा, तू सांगितलंस तसंच आहे का रे? मला ठाऊक नको? एक पाकळी. पाच तिला राहतातच की.

एक खाल्ली. अरे देवा! खडीसाखर नाही, खरवस नाही, कशासारखंच नाही. गोड म्हणावं तर मागून जरा आंबट, आणि जिभेवर ठेवता ठेवता संपतं. म्हणून दुसरी खाल्ली. मग तिसरी. मग म्हटलं, तीन उरल्या, त्या काय ठेवायच्या, वाईट दिसतं! माणूस स्वतःला कसा समजावतो बघा. सहाच्या सहा खाल्ल्या मी, बोटं चाटली, आणि रिकाम्या साली एकमेकींवर बसवून पानावर ठेवल्या. वरून बघणाऱ्याला फळ अख्खं वाटावं म्हणून! भुताला फसवायला निघालो होतो, मेला मी.

निघालो. ओढ्यावरच्या साकवापाशी आलो, तर मागून हाक. "अहो भाऊ, जरा थांबा." बघतो तर एक बाई, डोक्यावरून पदर. म्हणाली, "खिशात काय आहे?" मी म्हटलं, "काजू." ती हसली. म्हणाली, "काजू असा वास नाही मारत." मी पाय उचलला. साकव ओलांडून वळून पाहिलं. साकवावर कुणी नव्हतं.

पुढे दगडी गडग्याच्या कडेची वाट. आता खिसा जड व्हायला लागला. आधी नारळाएवढा, मग पाट्याएवढा. मी वाकून चालायला लागलो. हातानं खालून आधार दिला आणि... हसू नका रे! हाताला ते हललं. सदऱ्यातून. पोटातलं मूल लाथ मारतं ना, तसं. एकदा, दोनदा. पण टाकलं नाही फळ. द्वारकीचं होतं ते.

पळत सुटलो. वळण घेतलं तर समोर आमचं घर! ओटीवर दिवा, दारात आई. "आलास लवू? पाय धू आणि ये आत. पोर वाट बघतेय." आत चटईवर द्वारकी. तिनं हात पुढे केला. "दादा, दे ना रे." माझा हात खिशात गेला. पण सवय बघा, बाहेरून आलं की पाय धुवायचे. दारातल्या घंगाळातून तांब्या भरला, पायावर ओतला. ओतला आणि खाली बघतो तर पाय कोरडे. दुसरा तांब्या ओतला. कोरडेच! धुळीचा कणसुद्धा हलला नाही. वर बघतो तर आई हसतेय आणि द्वारकीचा हात लांब लांब होत उंबऱ्याबाहेर येतोय!

तांब्या टाकला, कंदील टाकला, काळोखात धूम ठोकली. काट्यांत पडलो, उठलो, परत पळालो. गावच्या शिवेचा धोंडा आहे ना, जिथे आपण नारळ देतो, त्याच्या अलीकडे तिनं गाठलंच मला. पण आता रूप नाही, सोंग नाही. नुसती एक बाई, पोट पुढे आलेली, गडग्याला धरून उभी. रडत होती.

म्हणाली, "सगळी येतात, माझं मला ठेवतात. तू रिकाम्या साली ठेवल्यास रे. एक पाकळी तरी ठेवायचीस. आता आहे त्यातली दे. एकच."

मी दिली नाही. म्हटलं, फोडलं तर द्वारकीचं उष्टं होईल. आता रीत आठवली मला! धोंड्यापलीकडे उडी घेतली. तिला शीव ओलांडता येत नाही. मागून ती ओरडली नाही, शाप दिला नाही, काही नाही. रडतच राहिली.

घरी आलो. पाय धुतले, ओले झाले, जीव भांड्यात पडला. द्वारकी जागीच होती. फळ हातात दिलं, तिनं गालाला लावून बघितलं. मी फोडून दिलं. आत सहा पाकळ्या. तिनं एक उचलली, ओठांपर्यंत नेली आणि थांबली. माझ्या बोटांकडे बघत होती. सालीचा जांभळा रस, घासून जात नाही तो.

म्हणाली, "दादा, तिचं तिला ठेवलंस ना? तीही माझ्यासारखीच होती रे."

बघा, इथे. इथे मला सांगता आलं असतं. नाही गो, मोह झाला, खाल्लं मी. ती काय रागावली असती? छे! तीन पाकळ्या मला, तीन तिला, सकाळी शिवेवर नेऊन ठेव, असं म्हणाली असती. तशीच होती माझी द्वारकी. पण मी मोठा भाऊ. लाज वाटली. मी तिच्या गळ्याला बोट लावलं आणि म्हटलं, "तुझ्या गळ्याची शपथ. ठेवलं."

ती निश्चिंत झाली. सहाही पाकळ्या खाल्ल्या तिनं, सावकाश. महिनाभरात पहिल्यांदा पोटात अन्न टिकलं. म्हणाली, "तू थापा मारायचास. हे खडीसाखरेसारखं नाहीच मुळी." आणि हसली. आई पदरानं डोळे पुसत होती.

चौथ्या रात्री तिला कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या आधीच. सुईणीनं हात टेकले, तालुक्याला न्या म्हणाली. खाडीला ओहोटी. होडी चिखलात. गावात सगळ्यांत चांगली होडी हाकणारा मी, आणि होडी ढकलत चिखलात कमरेएवढा उभा. भरती येईपर्यंत ती गेली. मूलही गेलं. ओहोटीनं घात केला, असं अजून सगळे म्हणतात. मी म्हणू दिलं.

कशानं गेली? शपथेनं, की तांडेलणीच्या रडण्यानं, की नुसत्या अशक्तपणानं? मला नाही ठाऊक. ते ठाऊक असतं तरी बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी हंगामात मी पुन्हा गेलो. झाड लगडलेलं होतं. पंचवीस फळं फोडून पानापानांवर ठेवली, कपाळ जमिनीला लावलं, "बाई, तुझं तुला" म्हणत रडलो. कुणी आलं नाही. साकवावर कुणी नाही, गडग्याला कुणी नाही. म्हटलं, सुटली बिचारी तांडेलीण. शिवेच्या धोंड्यापाशी आलो, आणि मागून, त्याच वाटेवरून हाक आली.

"दादा."

मी ओळखणार नाही होय तो आवाज? पाण्यात ओळखीन, वाऱ्यात ओळखीन. काही मागितलं नाही तिनं. विचारलं फक्त. म्हणाली, "दादा, तिचं तिला ठेवलं होतंस ना? मग माझं असं का झालं रे?"

मी काय सांगितलं असेल? सांगा. प्रसाद, तू सांग. मान खाली का घालतोस, मी घातली नाही. मी म्हटलं, "हो गो. ठेवलं होतं." ती म्हणाली, "मग बरं." त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही. धीरच झाला नाही. तिसऱ्यांदा तिला फसवायचं माझ्यात बळ नाही.

वाट वाईट आहे, पाय मोडेल, साप आहेत, असलं काही सांगून तुम्हाला मी अडवलं असतं. पण तुम्ही तरणी पोरं, ऐकणार थोडेच! म्हणून हे सांगितलं. त्या वाटेवर बाई दिसली तर ती तुमचं काही वाकडं करणार नाही. गरीब आहे ती. ती फक्त विचारील, गावातलेच ना तुम्ही, माझ्या दादानं तेव्हा फळ ठेवलं होतं का हो? कालपर्यंत तुम्ही म्हटलं असतंत, आम्हाला काय ठाऊक. आता तुम्हाला ठाऊक झालंय, आणि तुम्हाला माझ्यासारखं खोटं बोलता येत नाही.

जाऊ नका रे त्या वाटेनं. माझ्या द्वारकीला कळेल.